३३ पानांचे पत्र आणि ऊसतोडीच्या वाटेवरचा मोबाईल

स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास एका पत्रापासून सुरू होतो, असे म्हणता येईल. १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातून एका वकिलाने आपल्या मुलाविषयी ३३ टंकलिखित पाने बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना पाठविली. डोनाल्ड एकटाच रमतो, हाकेला ओ देत नाही, गोल वस्तू गरगर फिरवीत बसतो, असे बारकावे त्यांत होते. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला मुलगा हाच डोनाल्ड.

पालकांच्या निरीक्षणाचे मोल असे प्रारंभीच दिसले होते. तरीही पुढे दोष पालकांच्याच माथी आला. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत रूढ झाले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी त्याचे खंडन केले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला.

त्याच १९६४ साली नेब्रास्का राज्यात आणखी एक गोष्ट घडली. ओमाहाची मानसोपचार संस्था आणि सुमारे १८० किलोमीटर दूरचे नॉरफॉक येथील मनोरुग्णालय दुहेरी दूरचित्रवाणीने जोडले गेले. दूरचिकित्सेच्या आरंभीच्या प्रयोगांत मानसोपचार असावा, हे स्वाभाविकच होते. बोलणे, नजर, हालचाल या गोष्टी पडद्यावरूनही पाहता येतात. स्वमग्नतेचे निदानही वर्तन पाहून आणि पालकांकडून माहिती घेऊनच होते; त्यासाठी रक्ताची तपासणी नाही.

मग पडद्यासमोरचे काम कोणी करायचे? आयोवा विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात १७ मुलांचे पालक घराजवळच्या दवाखान्यात बसले आणि सरासरी साडेतीनशे किलोमीटर दूरच्या तज्ज्ञांनी त्यांना सूचना दिल्या. आरडाओरडा वा मारहाण करण्याऐवजी हवी ती गोष्ट मागायला पालकांनी मुलांना शिकविले. त्रासदायक वर्तन पुष्कळच कमी झाले.

आपल्याकडे गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने यासारखाच विचार वेगळ्या रीतीने केला. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचे चित्रण करीत आणि ते पालकांसोबत पाहत. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले. मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. मात्र एकाच गोष्टीत दोघांनी मिळून लक्ष घालण्याचा वेळ घटला. म्हणजे ही पद्धत उपयोगी आहे, पण जादू नव्हे.

आम्हांला या इतिहासात एक सूत्र दिसते : तज्ज्ञ दूर असला तरी चालतो; मुलाजवळचा माणूस मात्र जाणता हवा.

बीड जिल्ह्यातील नेकनूरसारख्या गावी हे सूत्र फार मोलाचे ठरते. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ठरलेल्या दिनक्रमावर विसंबणाऱ्या स्वमग्न मुलाला हा बदल फार जड जातो. फडावरच्या कोपीतून दर महिन्याला शहरातील तज्ज्ञाकडे जाणे कुटुंबाला परवडत नाही. मोबाईल मात्र कुटुंबासोबत जातो. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्याने अशा सल्ल्याला चौकटही मिळाली.

शिक्षकाने निदान करू नये, नोंद करावी. मूल हाकेला वळते का, बोटाने दाखविते का, कशाने बिथरते, कशाने शांत होते, हे तारखेसह लिहावे. पालकांची संमती असेल तर छोटे चित्रणही त्यांच्याच मोबाईलवर करावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. श्रवणचाचणी मात्र प्रत्यक्षच व्हायला हवी. ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. कुटुंब गाव सोडण्यापूर्वी एवढे झाले, तर त्या मुलाचे सहा महिने वाया जाणार नाहीत.