तारेवरचे डंबेल

लहानपणी फोंड्याला जाताना बसच्या खिडकीतून मी विजेचे मनोरे मोजायचो. मनोऱ्याच्या जवळच, तारेखाली डंबेलसारखे काहीतरी लटकलेले असे. ‘पाखरं बसू नयेत म्हणून ते,’ असे एका वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी पंचवीसेक वर्षे तेच खरे मानले. ते लोखंड पाखरांना हाकलणार कसे, हे विचारायचे कधी सुचलेच नाही!

खरे कारण वारा. तोही वादळी नव्हे, मंद आणि एकसारखा वाहणारा. गोल तारेच्या मागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात आणि तार वरखाली थरथरते. तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो. पण भोवऱ्यांचा हा ठेका ताणावर अवलंबून नसतो, वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर असतो, हे स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवले. २८ मिलिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला ४ मीटरचा वारा धरा: सेकंदाला सुमारे २८ हेलकावे. दिवसभर वारा तसाच राहिला तर चोवीस लाख! हेलकावा तारेच्या जाडीपेक्षाही लहान, म्हणून खालून दिसत नाही. जिथे तार पकडलेली असते तिथे आतले पदर एकेक करून तुटत जातात. बरे, तार जास्त ताणावी तर दुखणे आणखी वाढते, कारण ताणलेल्या तारेचे पदर एकमेकांवर कमी घासतात आणि थरथर जिरत नाही.

यावर कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीचे इंजिनियर जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी काट्याने काटा काढला. १९२८ साली मिळालेल्या पेटंटमध्ये त्यांचे तीन उपाय आहेत. एक तर चक्क धातूच्या चकत्यांची पिशवी तारेला बांधायची! (मला तोच सर्वांत आवडतो.) दुसरा, मुख्य तारेला समांतर छोटी तार. टिकला तो तिसरा: ७६ सेंटिमीटरची दोरतार, दोन टोकांना काँक्रीटचे गोळे. मुख्य तार हलली की गोळे जडत्वामुळे मागे राहतात, मधली दोरतार वाकते, तिचे पदर घासतात आणि थरथरीची उष्णता होते. पुढे काँक्रीट जाऊन धातूची वजने आली. जागा मात्र हिशेबानेच ठरवावी लागते. तार जिथे हलतच नाही तिथे डंबेल लटकवून काय उपयोग?

परवा भाच्याने बसमध्ये तोच प्रश्न विचारला. मी सांगायला लागलो तोवर मनोरा मागे पडला होता. मग पुढच्याची वाट बघत बसलो.