उशी

शय्येच्या साहित्यात ‘उशी’ हा शब्द मोठा कुलीन. संस्कृत ‘उच्छीर्षक’, म्हणजे मस्तक उंचावणारे, ते प्राकृताच्या वाटेने झिजत झिजत मराठीच्या घरात आले, आणि ‘उशाशी’ बसणारा शब्दही त्याच कुळातला. ‘तक्क्या’ मात्र फारसीतून, दरबारी इतमामाने आला. उशीत भरायच्या कापसाचे म्हणाल, तर मंचरच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या डोंगराकडे, उन्हाळ्यात सावरीची बोंडे उकलतात. ही ‘सावरी’देखील ‘शाल्मली’चीच प्राकृत लेक. तिचा कापूस आखूड, गुळगुळीत व मेणचट असल्यामुळे त्याचे सूत निघत नाही, म्हणूनच तो जुन्या लुगड्याच्या, हाताने टाके घातलेल्या खोळीत जाऊन बसतो. जपानात परंपरेने उशीत कुट्टूची टरफले भरतात. ती मानेखाली कुरकुरतात म्हणे! मला आपली सावरीच बरी.