विमानातला वासा

विमानाच्या पंखात बुडापासून टोकापर्यंत जाणारी मुख्य तुळई म्हणजे स्पार. उड्डाणात पंख वर वाकू पाहतो, तो भार हीच सोसते. शब्द विमानाहून कितीतरी थोरला. जुन्या नॉर्स भाषेत ‘स्पारी’ म्हणजे दांडा, वासा. इंग्रजीत तो आधी छपरात होता, मग जहाजावर गेला आणि शिडाच्या काठ्यांना चिकटला. तिथून विमानात आला, कारण विमानेही लाकडाचीच होती. राइट बंधूंचे १९०३चे विमान स्प्रूस आणि ॲश या लाकडांचे, वर मलमलीसारखे सुती कापड.

स्पारला आडव्या बसतात त्या रिब, म्हणजे फासळ्या. फ्रेंच भाषेत त्यांना ‘नेर्व्ह्यूर’ म्हणतात. पानाच्या शिरेलाही हाच शब्द. इंग्रजाला पंखात हाडे दिसली, फ्रेंचाला शिरा. मला फ्रेंच नजर अधिक देखणी वाटते, पण पंखाला घाट देऊन वरच्या पत्र्याचा भार स्पारकडे पोचवणे हे काम हाडाचेच. गंमत म्हणजे फ्रेंच लोक स्पारला ‘लाँजराँ’ म्हणतात. इंग्रजीने तोच शब्द उचलला आणि विमानाच्या धडात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्यांना देऊन टाकला.

एलेरॉनही फ्रेंच. ‘एल’ म्हणजे पंख, एलेरॉन म्हणजे चिमुकला पंख; पक्ष्याच्या पंखाच्या टोकाला हा शब्द आधीपासून होता. विमान एका कुशीवर कलवायला राइट बंधू अख्खा पंखच पिळत. पंखाला बिजागरीची फळी लावण्याची कल्पना बोल्टन या इंग्रजाने १८६८च्या पेटंटात मांडली होती, पण ती रुजली फ्रान्समध्ये. १९०८मध्ये आंरी फार्माँने आपल्या विमानाला अशा फळ्या लावल्या. वस्तू जिथे रुजली तिथलेच नाव जगभर गेले.

शेपटीकडचा ‘आंपेनाज’ हा मूळचा बाणाचा पिसारा. त्यातले लॅटिन ‘पेन्ना’, म्हणजे पीस, आणि संस्कृत ‘पत्र’ एकाच, उडण्याच्या धातूचे. ‘पत्र’ म्हणजे पंखही, हे आपण पोस्टाच्या नादात विसरलो.

ही सगळी नावे ओळखीच्या वस्तूंवरून आली; म्हणून परिभाषा घडवणाऱ्यांनी संस्कृत कोश उघडण्याआधी सुताराला गाठावे. ज्या मराठीत खाल्ल्या घरचे वासे मोजतात, तिला विमानाचे वासे जड का जावेत? स्पारला वासा म्हणा, रिबला फासळी. एलेरॉन तेवढा एलेरॉनच राहू द्या. ‘पंखुले’ म्हटले तर वैमानिक हसतील.