वीराचा अंत आणि उलटविलेला काळ

कबनुरास आमच्या ओटीवर मध्यंतरीं तरुणांचा वाद जुंपला. विषय २०१९ सालचा ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट. भूतकाळांत ढवळाढवळ केल्यानें आपला वर्तमान बदलत नाहीं, हा तेथील नियम. मग भूतकाळांतच राहिलेला स्टीव्ह रॉजर्स शेवटीं म्हातारा होऊन ह्याच काळांत दिसतो कसा?

मला पानिपत आठवलें. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. पण पार्वतीबाईंनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. पुढें एक तोतया उभा राहिला. १७७६ सालीं त्यास देहान्त शासन होईपर्यंत कित्येकांनीं त्यास खरा भाऊ मानिलें.

कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेल्या जयंत नारळीकरांनीं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेंत विश्वासरावांस लागणारी गोळी चुकविली व निराळा इतिहास उभा केला. परंतु गंगाधरपंत अखेर आपल्याच जगांत परततात.

तोतयामागें गेलेल्यांनीं इच्छेसच पुरावा मानिलें. कथाकारानें तीच इच्छा तर्काच्या कसोटीस लाविली. आमच्या तरुणांचा वाद ह्या दुसऱ्या जातीचा होता. आवडत्या वीराचा अंत सोसवत नाहीं, म्हणून मनुष्य काळ उलटवूं पाहतो. पण उलटविलेल्या काळासही तो नियम मागूं लागला, कीं तेथेंच इतिहासबुद्धीचा आरंभ होतो.