खलिया, पेशी आणि रॉबर्ट रेमाक : पेशीसिद्धांताच्या इतिहासातील एक गळालेले नाव

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, जीवशास्त्राचा नाही. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण वर्गातच घडले. घरी मराठी बोलणारे आणि शालेय शिक्षण उर्दूतून घेतलेले विद्यार्थी महाविद्यालयात येतात, तेव्हा विज्ञानाच्या परिभाषेपाशी अडखळतात. मराठी पुस्तकातील ‘पेशी’ हा शब्द प्रथम वाचला की त्यांना हसू येते. कारण उर्दूत ‘पेशी’ म्हणजे न्यायालयातील हजेरी, सुनावणीची तारीख. ज्याला मराठी क्रमिक पुस्तके पेशी म्हणतात त्याला उर्दू पुस्तके ‘खलिया’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा मागोवा घेताना लक्षात आले की प्रश्न केवळ शब्दांचा नाही. सजीव पेशीची रचना आणि तिचे कार्य यांविषयी आज जे आपण निःशंकपणे शिकवितो, ते कळायला सुमारे दोनशे वर्षे लागली आणि त्या वाटचालीतील एक महत्त्वाचे नाव आपल्या वर्गात बहुधा उच्चारलेच जात नाही. ते नाव रॉबर्ट रेमाक.

शब्दांत साठलेला इतिहास

‘खलिया’ हा शब्द अरबी. त्याचा जुना अर्थ मधमाश्यांचे पोळे. ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून उर्दूतील ‘खाली’ म्हणजे रिकामा आणि ‘खलवत’ म्हणजे एकांत हे शब्द आले. हाच ‘खलवत’ मराठीत ‘खलबत’ होऊन गडकिल्ल्यांच्या खलबतखान्यापर्यंत पोहोचला. हैदराबाद येथे 1917 साली स्थापन झालेल्या दारुल-तर्जुम्याने उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली, तेव्हा अशा अरबी धातूंचा मोठा आधार घेण्यात आला. मराठीतील ‘पेशी’ संस्कृतमधून आली. सुश्रुतसंहितेत शरीरातील पाचशे पेशी सांगितल्या आहेत; पण त्या मांसाच्या पेशी, म्हणजे आजच्या भाषेत स्नायू होत. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ ही संज्ञा पसंत केली. कोश म्हणजे आवरण, म्यान. युरोपीय भाषांतील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानशी खोली किंवा कोठार.

पोळे, आवरण, खोली. या तिन्ही शब्दांत भिंत आहे, पण आत काय आहे ते नाही. ‘पेशी’ या शब्दात मांस आहे, पण त्यात सूक्ष्म घटकाची कल्पना नाही. ही शब्दांची उणीव नव्हे. पहिल्या निरीक्षकाला जे दिसले तेच बहुतेक शब्दांनी जपून ठेवले आहे.

रिकामी खोली

1665 साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाटलीच्या बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने त्यातील पोकळ कप्पे पाहिले, त्यांची तुलना मधाच्या पोळ्याशी केली आणि एका घन इंचात असे 120 कोटींहून अधिक कप्पे मावतील असा हिशेब मांडला. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यातील कप्पे रिकामे असणारच. हिरव्या वनस्पतींतील कप्पे रसाने भरलेले असतात हेही हूकने नोंदविले होते. पण तो रस म्हणजेच जिवंत भाग आणि भिंत ही त्याने घडविलेली वस्तू, हा विचार त्या काळात शक्य नव्हता.

डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या एकेरी भिंगांतून 1670 च्या दशकात पाण्यातील हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. तथापि हूकचे कप्पे आणि लेव्हेनहूकचे जीव यांचा परस्परांशी संबंध आहे, हे पुढे दीडशे वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. जोडभिंगांच्या सूक्ष्मदर्शकात वस्तूभोवती रंगीत कडा दिसत आणि प्रतिमा धूसर होई. 1830 च्या सुमारास हा दोष पुष्कळसा दूर झाला. 1831 साली रॉबर्ट ब्राउन याने ऑर्किड वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या गोलसर ठिपक्याला नाव दिले. त्यालाच आपण केंद्रक म्हणतो. खोलीत काहीतरी आहे, हे आता मान्य झाले.

श्लायडेन व श्वान : अर्धे बरोबर, अर्धे चूक

यानंतरचा भाग प्रत्येक क्रमिक पुस्तकात असतो. 1838 साली मॅथियस श्लायडेन याने वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे मांडले आणि 1839 साली थिओडोर श्वान याने तेच प्राण्यांनाही लागू केले. वनस्पती आणि प्राणी यांच्या मुळाशी एकच रचना आहे, हे सांगणे ही फार मोठी झेप होती. तिचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही.

परंतु याच दोघांनी पेशी कोठून येते याचेही उत्तर दिले होते आणि ते चुकीचे होते. पेशी एका आकारहीन द्रवातून नव्याने तयार होते असे ते मानीत. श्वानने तर त्यासाठी स्फटिकांचा दाखला दिला. साखरेच्या पाकात जसा खडा धरतो, तसा त्या द्रवात आधी केंद्रकाचा कण धरतो, त्याभोवती थर साचतो आणि पेशी पूर्ण होते, असे काहीसे हे चित्र होते. क्रमिक पुस्तके त्यांचे बरोबर विधान ठेवतात आणि चुकीचे गाळतात. त्यामुळे विद्यार्थ्याला असे वाटते की सिद्धांत सरळ रेषेत वाढत गेला. प्रत्यक्षात तिसऱ्या विधानासाठी या चुकीशी झगडावे लागले.

रॉबर्ट रेमाक

रेमाकचा जन्म 1815 साली पोझेन येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील पोझनान शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन येथे योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो शिकला. श्वानही म्युलरचाच साहाय्यक होता. प्रशियात 1822 पासून ज्यूंना विद्यापीठातील अध्यापनाची पदे बंद होती. बाप्तिस्मा घेतला की दार उघडत असे आणि त्या काळातील अनेक विद्वानांनी तो मार्ग पत्करला. रेमाकने तो नाकारला. राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याच्याकडे त्याने थेट अर्ज केला. तो मान्य झाला नाही. पुढे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या वजनदार व्यक्तीने शब्द टाकल्यावर 1847 मध्ये त्याला बर्लिन विद्यापीठात व्याख्याने देण्याची अनुमती मिळाली. 1859 मध्ये तो दुय्यम प्राध्यापक झाला. पूर्ण प्राध्यापकपद त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. 1865 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो मरण पावला.

उपजीविकेसाठी वैद्यकी आणि उरलेल्या वेळात संशोधन, अशा स्थितीत त्याने जे काम केले ते असे. 1841 च्या सुमारास कोंबडीच्या भ्रूणातील रक्तपेशी पाहताना त्याला एका पेशीच्या दोन होत असल्याच्या अवस्था दिसल्या. मनुष्याच्या प्रौढ तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत ते असते. रेमाकने निवडलेल्या पेशींत केंद्रक ठळक होते, म्हणून दोन केंद्रके आणि मध्ये आवळत चाललेली पेशी ओळखता आली. मात्र एका उदाहरणावरून त्याने नियम सांगितला नाही. पुढील दहा वर्षे तो इतर ऊतींकडे आणि बेडकाच्या अंड्याकडे वळला. बेडकाचे फलित अंडे दोन, चार, आठ अशा भागांत चिरत जाते हे पूर्वीच्या निरीक्षकांना ठाऊक होते. परंतु ही चीर केवळ वरवरची की प्रत्येक भागाला स्वतःचे पटल आहे, हा वाद होता. रेमाकने अंडी विशिष्ट द्रावणांत कठीण करून घेतली आणि पटल प्रत्येक भागाभोवती असते हे दाखविले. अंडे ही एक पेशी आहे आणि भ्रूणातील सर्व पेशी तिच्याच विभाजनाने येतात, असा याचा अर्थ होता.

1852 साली त्याने स्पष्टपणे मांडले की प्राण्यांच्या पेशी पूर्वीच्या पेशींच्या विभाजनानेच निर्माण होतात, आकारहीन द्रवातून नव्हे. आणि रोगट ऊतीही याला अपवाद नाहीत. 1855 मध्ये पूर्ण झालेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या विकासावरील ग्रंथात त्याने हे सविस्तर सिद्ध केले.

फिरखोचे सूत्र

त्याच 1855 साली रूडॉल्फ फिरखो याने आपल्या नियतकालिकातील लेखात प्रत्येक पेशी पेशीपासूनच येते हा विचार लॅटिन सूत्राच्या रूपात मांडला. 1858 साली बर्लिनमधील वीस व्याख्यानांचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सूत्र जगभर गेले. 1855 च्या लेखात रेमाकचे नाव नव्हते. रेमाकने फिरखोला पत्र लिहून याविषयी तक्रार केली. इतिहासाने मात्र सूत्राबरोबर फिरखोचेच नाव ठेवले.

येथे न्याय दोन्ही बाजूंनी करावयास हवा. फिरखो हा उदारमतवादी होता, ज्यूंच्या नागरी हक्कांचा पुरस्कर्ता होता. त्याने धर्मद्वेषाने नाव गाळले असे म्हणण्यास आधार नाही. रोग हा शरीरातील रसांचा बिघाड नसून पेशींचा बिघाड आहे, हा विचार वैद्यकात रुजविण्याचे मोठे श्रेय त्याचेच आहे. पण त्याच्या हाती प्राध्यापकपद होते, स्वतःचे नियतकालिक होते, भरलेले व्याख्यानगृह होते. रेमाकच्या हाती पुरावा होता. सूत्र कोणाच्या नावावर जाते हे केवळ पुराव्यावर ठरत नाही, एवढे या प्रकरणावरून निश्चित म्हणता येते.

रेमाकही सर्वत्र बरोबर नव्हता. विभाजन केंद्रकाच्या आतील कणिकेपासून सुरू होऊन क्रमाने बाहेर सरकते, असे त्याला वाटे. वॉल्टर फ्लेमिंग याने 1879 ते 1882 या काळात रंगद्रव्यांच्या साहाय्याने केंद्रकातील धाग्यांची हालचाल पाहून विभाजनाचे खरे स्वरूप दाखविले.

रचना आणि कार्य

हा वाद इतिहासाचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण पेशीच्या प्रत्येक भागाचे कार्य समजणे त्यावर अवलंबून आहे. पेशी द्रवातून गोठून बनत असेल, तर केंद्रक म्हणजे केवळ खडा धरण्यासाठी लागणारा कण आणि पटल म्हणजे वरची साय. पेशी पेशीपासून येत असेल, तर केंद्रकातून पुढच्या पेशीकडे काही सोपविले जात असले पाहिजे, आणि पटल ही जिवंत सीमा असली पाहिजे; काय आत घ्यावे व काय बाहेर ठेवावे याचा निवाडा करणारी. पुढील संशोधन या दुसऱ्या वाटेने गेले. केंद्रकातील डीएनएची रचना 1953 मध्ये उलगडली. प्रद्रव्यपटल हे मेदाचा प्रवाही थर व त्यात रुतलेली प्रथिने यांचे बनलेले असते, हे चित्र 1972 मध्ये मांडले गेले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी प्रथम 1945 साली पाहण्यात आली. त्यानंतर रसाने भरलेल्या त्या खोलीत आंतर्द्रव्यजालिका, प्रथिने घडविणारे रायबोसोम, टाकाऊ भागांचे पचन करणाऱ्या लयकारिका असा मोठा संसार आढळला. या कार्यासाठी अल्बेर क्लोद, क्रिस्तियाँ द द्यूव आणि जॉर्ज पलादे यांना 1974 चे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकाही पेशीत नव्याने घडत नाहीत. त्या पूर्वीच्या तंतुकणिकांच्या विभाजनानेच येतात. रेमाकने पेशीविषयी जे म्हटले तेच पेशीच्या आतील या भागालाही लागू पडले.

समारोप

अध्यापकांपुढे दोन सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी की पेशीची आकृती काढून तिला नावे देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना श्वानची चूक सांगावी आणि ती चूक कोणत्या पुराव्याने खोडता येईल असे विचारावे. कोंबडीचे रक्त आणि बेडकाचे अंडे यांपर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचतील असे नाही. पण केंद्रक आणि पटल ही केवळ पाठ करावयाची नावे राहणार नाहीत. दुसरी सूचना परिभाषेची. खलिया, पेशी, कोशिका हे तिन्ही शब्द फळ्यावर एकत्र लिहावेत आणि त्यांचे अर्थ सांगावेत. उर्दूतून आलेल्या विद्यार्थ्याचा शब्द चुकीचा नाही, उलट हूकच्या पोळ्याची आठवण त्यातच राहिली आहे, हे कळल्यावर तो विद्यार्थी मराठी शब्दाला अधिक मोकळेपणाने सामोरा जातो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

आणि 1838, 1839 व 1855 ही तीन साले लिहिताना शेवटच्या सालापुढे फिरखोच्या आधी रेमाकचे नाव लिहावे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.