त्सारित्सिनहून सारेप्ताकडे, 1774

गाडी पुन्हा रुतली. उतरा. बर्फ नुकतंच वितळलंय आणि वाट म्हणजे नुसता राडा. गाडीवान घोड्यांना चुचकारत चाकाशी झटतोय, तोवर तुम्हाला निवांत वेळ आहे. मागे व्होल्गाकाठी त्सारित्सिन. पुढचं जग त्याला व्होल्गोग्राद म्हणून ओळखेल. दक्षिणेला सारेप्ता, जर्मन मोरावियन पंथीयांनी 1765 मध्ये वसवलेलं गाव. एप्रिल लागलाय, पण इथलं पंचांग बाकीच्या युरोपच्या 11 दिवस मागे चालतं. वारा अजून बोचरा आहे.

गळ्यात दुर्बीण नाही, तेव्हा आधी कान द्या. डोक्यावर चंडोल गातोय. जाड चोचीचा, मानेवर काळे डाग असलेला हा पक्षी मध्येच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही काढतो. तो वर कुठे आहे ते शोधू नका, आभाळ फार मोठं आहे. खाली बघा. ते ढेकूळ वाटतंय ना, तो गरुड आहे. नजर पोचेल तिथवर झाड नाही, म्हणून तो जमिनीवरच बसतो, घरटंही जमिनीवरच करतो. सुस्लिक बिळातून डोकं कधी काढतो, याची वाट बघतोय. खारीच्या कुळातला हा प्राणी हिवाळाभर झोपून आता कुठे जागा झालाय.

दवण्याच्या जातीच्या झुडपांवरून एक फिकट राखाडी भोवत्या गवताला लगटून येतोय. पंखांची टोकं काळी, उडणं हलकं. ओळखलात? त्याचे जातभाई हिवाळ्यात आपल्या नान्नजच्या माळरानावर असेच घिरट्या घालतात. या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन करणारा सामुएल ग्मेलिन आज दागेस्तानात एका स्थानिक सरदाराच्या कैदेत आहे. जुलैत तो तिथेच मरेल, वयाच्या तिशीत. पक्षी तुमच्यासमोरून निघून जाईल. त्या माणसाची आठवण मात्र मनात राहू द्या. निसर्गशास्त्रज्ञ पीटर सिमॉन पल्लास यंदाचा हिवाळा त्सारित्सिनमध्ये काढून याच टापूत फिरतोय. तो जुलैअखेरीस पीटर्सबर्गला परतेल, पण तेहतिसाव्या वर्षी केस पांढरे झालेला, डोळ्यांच्या दुखण्यानं गांजलेला.

आता वाटेच्या डाव्या हाताला या, जिथे गवत अगदी खुरटं आहे. भटक्या काल्मिकांची मेंढरं आणि घोडी इथून चरून गेली असणार. तीन वर्षांपूर्वी, 1771 च्या जानेवारीत, व्होल्गापलीकडचे बहुतेक काल्मिक तंबू-गुरांसह पूर्वेला झुंगारियाकडे निघून गेले आणि वाटेत हजारोंनी मेले. या काठावरचे मागे राहिले, कारण नदीवरचं बर्फ पार करण्याइतकं घट्ट झालं नव्हतं. त्यांची जनावरं इथे चरतात आणि पलीकडे लांब नाकाची सायगा हरणं. दोघांच्या दातांनी गवत खुंटतं. तुम्ही ज्यांच्यासाठी आलात, त्या पक्ष्यांना नेमकं असंच रान लागतं.

त्या बघा, टिटव्या. आपल्या टिटवीसारख्या आरडाओरडा करत नाहीत. काळी टोपी, भुवईचा पांढरा पट्टा मागे मानेवर जुळलेला, पोटावर काळा-तांबूस डाग. चार पावलं धावतात, थबकतात, चोच मारतात, पुन्हा धावतात. एक दिसली की दुसरी दिसते, मग सगळं रानच हलू लागतं. पल्लासनं 1771 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात या टिटवीला शास्त्रीय नाव दिलं, थवा करून राहणारी म्हणून.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 1954 पासून ख्रुश्चेव्हच्या हुकमानं पडीक गवताळ स्टेपवर नांगर फिरेल. स्थलांतरात सीरिया-इराकच्या वाटेवर या टिटव्यांवर बंदुका चालतील. तुमच्या काळात ही टिटवी अतिसंकटग्रस्त असेल, वीण मुख्यतः कझाकस्तानात उरलेली, भारतात हिवाळ्यात चार-दोन दिसल्या तरी पक्षीनिरीक्षक दूरदूरहून धावून येतील. हे गाडीवानाला सांगून काय उपयोग? त्याच्या लेखी हे वाटेवरचं नेहमीचं पाखरू आहे.

चाक सुटलं, तो हाक मारतोय. त्याला जरा थांबायला सांगा. थवा अजून उठलेला नाही. डावीकडच्या टोकापासून मोजायला लागा, आणि उडाला तर पुन्हा पहिल्यापासून.