कर्करोग आणि अतिसूक्ष्म कण : एका शोधाचा इतिहास



ज्या रोगाला मराठीत आपण कर्करोग म्हणतो, त्यालाच उर्दूत सरतान म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच प्राणी आहे, खेकडा. इ. स. १००० च्या सुमारास कॉर्डोव्हाचे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी यांनी लिहून ठेवले की, अशी गाठ लहान व नवी असेल तर ती समूळ कापून काढावी. जुनी व मोठी झाली असेल तर तिला हात लावू नये. आपल्या विद्येची मर्यादा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. ती मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांचा एक अध्याय आज आपणांसमोर ठेवीत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने एक स्वप्न पाहिले. शरीराला धक्का न लावता थेट रोगावरच जाऊन आदळणारी ‘जादूची गोळी’ आपल्याला बनवता येईल काय? १९१० मध्ये त्यांचे उपदंशावरील औषध वापरात आले. पण कर्करोगापुढे हे स्वप्न अपुरे राहिले. कारण उघड आहे. जंतू हा बाहेरचा शत्रू, तर कर्करोगाची पेशी ही आपल्याच घरातली, बिघडलेली पेशी. तिला मारणारे विष चांगल्या पेशींनाही मारते. १९६० च्या दशकात इटलीत मातीतील जीवाणूंपासून डॉक्सोरुबिसिन हे प्रभावी लाल औषध मिळाले. परंतु ते मर्यादेबाहेर दिले की रुग्णाचे हृदयच दुबळे होई.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसून आले की, अंड्याच्या बलकात असणारा लेसिथिन हा पदार्थ पाण्यात मिसळला की त्याच्या आपोआप इवल्याशा पोकळ पिशव्या बनतात. यांनाच पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. या पिशवीत औषध भरून पाठवले तर? ही कल्पना १९७० च्या दशकात पुढे आली. विद्यार्थी मित्रांनो, आकाराची कल्पना करा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा सुमारे शंभर नॅनोमीटरच्या पिशव्या एकापुढे एक मांडल्या तर आपल्या एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील.

१९८६ मध्ये जपानचे मात्सुमुरा व माएदा यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, म्हणून सच्छिद्र असतात. चांगल्या वाहिनीतून जे कण बाहेर पडत नाहीत, ते येथे झिरपून गाठीत साचू शकतात.

पण वाट सोपी नव्हती. जेरुसलेमचे येहेझकेल बारेनहोल्झ व अल्बर्टो गॅबिझोन यांनी १९८० च्या दशकात पहिल्या पिशव्या रुग्णांना देऊन पाहिल्या, तेव्हा त्या गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच यकृतातील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकीत. शास्त्रज्ञांनी हार मानली नाही. पिशवीवर पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचे आवरण चढवले, तेव्हा ती रक्तात दोन-दोन दिवस टिकू लागली. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ला मान्यता मिळाली. हृदयावरचा घाला कमी झाला; तळहात-तळपायांची आग हा नवा त्रास मात्र काहींच्या वाट्याला आला.

यकृताची हीच सवय निदानाच्या कामी आली, हे विशेष. लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण टोचले की निरोगी यकृत ते गिळते आणि एम.आर.आय.च्या चित्रात काळे दिसते. गाठीत तशा पेशी नसल्याने ती उजळ उठून दिसते. १९९६ मध्ये अमेरिकेत असे औषध मान्य झाले, पुढे ते बाजारातून गेले. २००५ मध्ये पॅक्लिटॅक्सेल हे औषध रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला जोडून देण्यास मान्यता मिळाली. पूर्वी ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात द्यावे लागे व त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होई.

मग जादूची गोळी सापडली काय? तसे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी सर्वसाधारणपणे शेकडा एकाहूनही कमी कण गाठीत पोहोचतात, असे आढळले. उरलेली वाट तुमच्यापैकीच कुणा मुलाला वा मुलीला चालायची आहे.

आणि पालकहो, तोवर आपल्या हातात काय आहे? १९९८ पासून मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर दीर्घकाळ प्रयोग केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकर उघडकीस आला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी ना यंत्र लागले, ना नॅनोकण.

म्हणून आईने, बहिणीने गाठ लागल्याचे सांगितले तर संकोचाने ती लपवू नका. घरातील मिश्री व तंबाखू बंद करा. तोंडातला न भरणारा व्रण आजच डॉक्टरांना दाखवा. गाठ लहान असतानाच या, हा अल्-जहरावींचा हजार वर्षांपूर्वीचा सल्ला आजच्या अतिसूक्ष्म कणांच्या युगातही तितकाच खरा आहे.